हरितगृह आणि काचगृह : दोन इंग्रजी शब्द आणि एक मराठी पेच

नाशिक जिल्ह्यात एकाच वास्तूला किमान दोन नावे आहेत. कृषी विभागाच्या अनुदानाच्या अर्जात ती ‘हरितगृह’ असते. दिंडोरी तालुक्यातला गुलाब उत्पादक तिला ‘पॉलीहाउस’ म्हणतो. तिच्या सांगाड्यावर ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला तो ‘कागद’ म्हणतो आणि काही वर्षांनी हा कागद बदलण्याचा खर्च त्याच्या हिशेबात असतो. त्याच्या घरातली शाळकरी मुलगी विज्ञानाच्या पुस्तकात ‘हरितगृह परिणाम’ आणि ‘हरितगृह वायू’ हे शब्द वाचते. हे हरितगृह आणि आपल्या शेतातले पॉलीहाउस यांचा संबंध काय, हे तिला सहसा कोणी सांगत नाही. ‘हरित’ म्हणजे हिरवे आणि हिरवे म्हणजे चांगले, एवढे मात्र तिने अन्यत्र ऐकलेले असते. मग हरितगृह वायूंमुळे पृथ्वीचा ताप वाढतो हे वाक्य तिने कसे समजून घ्यायचे?

या पेचाचे मूळ मराठीत नाही, निदान सर्वस्वी मराठीत नाही. इंग्रजीत वनस्पती वाढवण्याच्या पारदर्शक वास्तूसाठी ‘ग्रीनहाउस’ आणि ‘ग्लासहाउस’ असे दोन शब्द आहेत. सामान्य कोशांत ते जवळजवळ समानार्थी म्हणून दिले जातात, आणि आजच्या व्यवहारात पुष्कळदा तसे ते वापरलेही जातात. परंतु हे दोन शब्द जन्माने सख्खे नाहीत. एक शब्द आत कोण राहते यावरून पडला, दुसरा भिंत कशाची आहे यावरून. त्यांचा इतिहास तपासला तर मराठीने पत्करलेल्या ‘हरितगृह’ या प्रतिशब्दाकडे पाहण्याची आपली दृष्टीही थोडी बदलते, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम ‘ग्रीनहाउस’. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागला. जॉन एव्हलिन या बागप्रेमी लेखकाच्या १६६४ सालच्या उद्यानविषयक लेखनाचा उल्लेख त्या संदर्भात नेहमी केला जातो. त्या काळी ‘ग्रीन्स’ म्हणजे सदाहरित झाडे. संत्री, लिंबू, मेंदीसारखी दिसणारी सुगंधी मर्टल ही झाडे इंग्लंडच्या हिवाळ्यात उघड्यावर तगत नसत. म्हणून थंडी सुरू झाली की त्यांच्या कुंड्या उचलून एका बंदिस्त इमारतीत नेऊन ठेवत आणि वसंतात पुन्हा बाहेर काढत. सदाहरित झाडांचे हिवाळी बिऱ्हाड ते ‘ग्रीनहाउस’. ही इमारत बहुधा विटांची वा दगडांची असे. तिचे छप्पर घरासारखेच बंद असे आणि दक्षिणेकडच्या भिंतीत मोठ्या खिडक्या असत. म्हणजे मूळच्या ग्रीनहाउसमध्ये काच होती ती खिडकीपुरती. रंगाचाही येथे संबंध नव्हता. गुरांचा तो गोठा, घोड्यांची ती पागा, तसे हिरव्या झाडांचे ते ग्रीनहाउस.

याच जातीच्या वास्तूंना युरोपात ‘ऑरेंजरी’ असेही नाव होते. आपल्या दृष्टीने हे नाव अधिक मनोरंजक आहे. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ असा प्रवास करीत फ्रेंच व इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला, हे शब्दव्युत्पत्तीचे एक प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे ज्या झाडांना थंडीपासून वाचवण्यासाठी युरोपातील राजेरजवाड्यांनी या इमारती बांधल्या, ती आशियातून गेलेली होती आणि त्यांतल्या एकाच्या नावात आपल्याकडचा शब्द होता. ज्या देशात ही झाडे उघड्यावर वाढतात, त्या देशाला अशा इमारतीची गरज पडली नाही आणि म्हणून तिच्यासाठी शब्दही लागला नाही. शब्दाचा अभाव हा नेहमी भाषेच्या दारिद्र्याचा पुरावा नसतो, हे यावरून लक्षात यावे.

आता ‘ग्लासहाउस’. या शब्दाचा जुना अर्थ आपल्याला चकित करणारा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजीत ‘ग्लासहाउस’ म्हणजे काच तयार करण्याची भट्टी किंवा काचेचा कारखाना. लंडनमध्ये अशी ग्लासहाउसे होती, आणि त्यांचा धूर व ज्वाळा यांचे उल्लेख त्या काळच्या नाटकांत आढळतात. म्हणजे एके काळी परिस्थिती अशी होती की, ग्रीनहाउसला काचेच्या भिंती नव्हत्या आणि ग्लासहाउसमध्ये झाडे नव्हती. दोन शब्द शेजारी नांदत होते, पण त्यांची गाठ पडली नव्हती.

ती गाठ काचेच्या किमतीने पाडली. झाडांना नुसती ऊब पुरत नाही, उजेडही लागतो, हे जसजसे बागाइतदारांच्या ध्यानात आले तसतसे छप्परही काचेचे असावे अशी गरज निर्माण झाली. परंतु अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये काचेवर कर होता आणि तो वजनावर आकारला जाई. जाड, मोठी तावदाने ही केवळ श्रीमंतांची चैन होती. हा कर १८४५ साली रद्द झाला. चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन याने १८३६ ते १८४१ या काळात एका सरदारासाठी प्रचंड काचघर उभारले होते, ते करमुक्तीच्या आधीचे. क्यू येथील राजोद्यानातले ताडगृह १८४४ ते १८४८ या काळात बांधले गेले. त्यानंतर १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी याच पॅक्स्टनने सुमारे तीन लाख तावदानांचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभा केला. माळ्याने झाडांसाठी शोधलेली बांधणी आता माणसांसाठी आणि यंत्रांसाठी वापरली गेली. एकोणिसाव्या शतकातच ‘ग्लासहाउस’ हा शब्द कारखान्याकडून बागेकडे वळला. ग्रीनहाउस काचेचे झाले आणि ग्लासहाउसमध्ये झाडे आली. दोन शब्द एकाच वास्तूला लागू झाले.

क्यूच्या ताडगृहाची एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. त्याला आरंभी जी काच बसवली ती साधी पांढरी नव्हती, तर हिरवट छटेची होती. प्रखर उन्हाने पाने करपतील ही भीती त्यामागे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती काच बदलण्यात आली. म्हणजे हिरव्या रंगाचे एक ग्रीनहाउस खरोखरच अस्तित्वात होते, आणि तेही ढगाळ इंग्लंडमध्ये उन्हाच्या धाकाने बांधलेले. पण शब्द त्या रंगावरून पडलेला नव्हता; तो दीडशे-पावणेदोनशे वर्षे आधीच पडला होता.

वास्तू एक झाली तरी शब्दांची छटा मात्र पुरती एक झाली नाही. इंग्लंडमध्ये परसातल्या लहान काचघराला आजही बहुधा ‘ग्रीनहाउस’ म्हणतात, तर टोमॅटो-काकडीच्या व्यापारी लागवडीच्या एकराएकरांच्या वास्तूंना ‘ग्लासहाउस’ म्हणण्याकडे कल असतो. अमेरिकेत दोहोंसाठी सर्रास ‘ग्रीनहाउस’ चालते. ‘ग्लासहाउस’चा आणखी एक अर्थ ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत आहे : लष्करी तुरुंग. ऑल्डरशॉट येथील लष्करी कारागृहाचे छप्पर काचेचे होते, त्यावरून हा अर्थ पडला. भट्टी, बाग आणि तुरुंग असे तीन अर्थ एका शब्दात सामावले, याचे कारण तो शब्द फक्त साहित्य सांगतो, काम सांगत नाही. काचेच्या घरात काय चालते हे त्या नावावरून कळत नाही. ‘ग्रीनहाउस’चे उलट आहे. ते काम सांगते, पण भिंत कशाची हे सांगत नाही. म्हणून काचेच्या जागी प्लॅस्टिक आले तरी तो शब्द टिकला. १९५० नंतर पॉलिथीनचे पातळ आवरण शेतीत वापरात येऊ लागले, तेव्हा ‘ग्लासहाउस’ हे नाव त्या वास्तूला देता येईना. ‘ग्रीनहाउस’ मात्र देता आले.

हे दोन्ही शब्द हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांची ताटातूट पुन्हा झाली. येथे मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण बंगळूरच्या लालबागेचे. तेथील ‘ग्लास हाउस’ची पायाभरणी १८८९ साली झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर लोखंड आणि काच वापरून ते उभारले गेले. कन्नडमध्येही त्याला ‘गाजिन मने’, म्हणजे काचेचे घरच, म्हणतात. परंतु त्याचा उपयोग पुष्पप्रदर्शन भरवण्यासाठी. तेथे झाडे थंडीपासून वाचवायची नव्हतीच. बंगळूरच्या हवेत त्याचे प्रयोजन नव्हते. ते ग्लासहाउस आहे, पण ग्रीनहाउस नाही.

याउलट आपल्याकडे झाडाला जपण्याची जी जुनी पद्धत होती तिच्यात काच कोठेच नव्हती. पानमळ्याचे उदाहरण घ्यावे. विड्याच्या पानाचा वेल नाजूक. त्याला कडक ऊन आणि वारा सोसत नाही. महाराष्ट्रातले पानमळेवाले शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडे आधी लावतात आणि त्यांच्या आधाराने व सावलीत वेल चढवतात. बंगालमध्ये आणि उत्तरेत हेच काम बांबू, बोरू, गवत यांच्या बंदिस्त मांडवाने करतात. त्याला तिकडे ‘बरोज’ किंवा ‘बरेजा’ म्हणतात. झाडासाठी बांधलेले घर असेच त्याचे वर्णन करावे लागेल. परंतु त्याचे काम इंग्रजी ग्रीनहाउसच्या बरोबर उलट आहे. इंग्रजी वास्तू ऊन आत कोंडून घेते, आपली वास्तू ऊन बाहेर अडवते. आजचे ‘शेडनेट’ हे या पानमळ्याचेच नव्या साहित्यातले रूप मानले तर चूक होणार नाही.

आपल्याकडे काचेचे स्थानही वेगळे होते. बांगड्या, मणी, हंड्या-झुंबरे, आरसेमहाल या रूपांत काच ही अलंकाराची व वैभवाची वस्तू होती. खिडकीचे तावदान ही तिची रूढ ओळख इंग्रजी अमलात झाली. महाराष्ट्रात काचनिर्मितीचा एक ध्येयवादी प्रयत्न झाला तो तळेगाव दाभाडे येथे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेला पैसा फंड म्हणजे दरडोई वर्षाला एक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभारण्याची योजना. त्या निधीतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. जुन्या इंग्रजी अर्थाने पाहिले तर ते महाराष्ट्रातले ‘ग्लासहाउस’. याच तळेगावात पुढे फुलशेतीचे उद्यान आणि फलोत्पादनाचे प्रशिक्षण केंद्र झाले. मावळातला गुलाब तेथून परदेशी जाऊ लागला. ती सारी फुले प्लॅस्टिकच्या आवरणाखाली वाढतात. काच बनवणारे गाव आणि झाडे वाढवणारे गाव एकच, तरी दोहोंची गाठ काचेने पडली नाही. इंग्लंडमध्ये ‘ग्लासहाउस’ या शब्दाचा अर्थ भट्टीकडून बागेकडे सरकला. आपल्याकडे तो सरकण्याचा प्रसंगच आला नाही. मराठीत ‘काचगृह’ हा शब्द तयार होऊनही व्यवहारात रुजला नाही, त्याचे कारण हे असावे.

नाशिकचे चित्र या पार्श्वभूमीवर पाहावे. मुघल अमलात या शहराचे नाव ‘गुलशनाबाद’ होते. पेशवाईत ‘नाशिक’ हे नाव पुन्हा रूढ झाले. फुलांच्या या गावात आज दिंडोरी तालुक्यातील जानोरी-मोहाडी परिसरात पॉलीहाउसमधला गुलाब होतो. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर निर्यातक्षम फुलशेतीसाठी हॉलंड आणि इस्रायल येथील तंत्रज्ञान महाराष्ट्रात व कर्नाटकात येऊ लागले. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानाने दहा-वीस गुंठ्यांची पॉलीहाउसे लहान शेतकऱ्यांच्या आवाक्यात आली. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर दोनशे मायक्रॉन जाडीचे, अतिनील किरणांना टिकाव धरणारे पॉलिथीन, बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, आत गादीवाफे आणि ठिबक : गुलाब, जरबेरा, कार्नेशन, रंगीत ढोबळी मिरची यांचे हे घर. त्याचा शत्रू थंडी नव्हे. पाऊस, गारा, वारा, कीड आणि एप्रिल-मेचे ऊन यांपासून ते पिकाला वाचवते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने जिल्ह्यातल्या द्राक्षबागांची दैना केली. अवकाळी पावसाच्या अशा अनुभवांतून द्राक्षाच्या ओळींवरही प्लॅस्टिकचे आच्छादन घालणारे बागाइतदार आता दिसतात. त्या आच्छादनाला हरितगृह म्हणायचे की नाही, असा प्रश्न कोणी विचारलेला नाही. पण कामाच्या दृष्टीने दोन्ही एकाच कुळातली आहेत.

नाव काय द्यायचे हा प्रश्न केवळ भाषेच्या अभ्यासकांचा नसतो, हेही याच पॉलीहाउसने दाखवले. २०१७ साली राज्यात कर्जमाफीची योजना जाहीर झाल्यावर पॉलीहाउस आणि शेडनेटधारक शेतकऱ्यांनी आपल्या कर्जाचाही विचार व्हावा म्हणून आवाज उठवला. पॉलीहाउससाठी घेतलेले कर्ज हे पिकासाठीचे कर्ज की बांधकामासाठीचे, ही वास्तू शेत मानायची की इमारत, या प्रश्नाचा निर्णय अखेर नावावरून व व्याख्येवरून होतो. ज्यात माती, वाफे आणि पीक आहे त्याला आपण ‘गृह’ म्हणतो, ‘शेत’ म्हणत नाही, एवढी गोष्टही व्यवहारात क्षुल्लक ठरत नाही.

आता मूळ पेचाकडे येऊ. शास्त्रज्ञांनी ग्रीनहाउसची उपमा वातावरणाला लावली ती टप्प्याटप्प्याने. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ साली वातावरण पृथ्वीची उष्णता कशी राखते याचा विचार करताना काचेची झाकणे असलेल्या पेटीच्या प्रयोगाचा आधार घेतला. ‘ग्रीनहाउस’ हा शब्द त्याने वापरला नव्हता. युनिस फूट या अमेरिकन विदुषीने १८५६ साली कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी उन्हात अधिक तापते हे दाखवले. टिंडल याने १८५९ पासून वायूंच्या उष्णताशोषणाची मोजमापे केली. आऱ्हेनियसने १८९६ साली हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. ‘ग्रीनहाउस’ची उपमा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थिर झाली. आणि ती स्थिर होते न होते तोच, १९०९ साली, रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्यातली उणीव दाखवली. त्याने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच ठेवली, दुसरीवर सैंधवाची पातळ चकती. सैंधवातून उष्णतेचे अवरक्त किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. निष्कर्ष असा की, काचघर तापते ते मुख्यतः तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून; वातावरणात मात्र वायू अवरक्त किरण शोषतात म्हणून उष्णता राहते.

वुडच्या सैंधवाची जागा नाशिकच्या पॉलीहाउसमध्ये कागदाने घेतली आहे. साध्या पॉलिथीनमधून अवरक्त किरण बऱ्याच अंशी निघून जातात, तरी पडदे बंद असलेले पॉलीहाउस दुपारी तापते. आणि पडदे गुंडाळले, छपराचे झरोके मोकळे केले की उतरते, हे त्यात काम करणारी प्रत्येक मजूर बाई जाणते. ज्या उपमेला पुस्तकात चित्र काढून समजावले जाते, तिची मर्यादा दाखवणारी वास्तू शाळेपासून हाकेच्या अंतरावर उभी असते. पण पुस्तक तिला ‘हरितगृह’ म्हणते आणि गाव ‘पॉलीहाउस’. त्यामुळे दोहोंची सांगड विद्यार्थ्याच्या मनात पडत नाही. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाला निदान हा लाभ आहे की, त्याच्या परिसंस्थेचा आणि त्याच्या बागेचा शब्द एक आहे.

आता ‘हरितगृह’ या प्रतिशब्दाचे मूल्यमापन करायचे झाले तर पहिला आक्षेप उघड आहे. ‘ग्रीन’चे शब्दशः भाषांतर ‘हरित’ असे केले. तेथे ‘ग्रीन’ हे रंगवाचक विशेषण नसून झाडांचे नाव होते, हे ध्यानात घेतले नाही. हिंदीत ‘हरितगृह’बरोबरच ‘पौधाघर’ हाही शब्द पाठ्यपुस्तकांतून आला आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने तो अधिक सरळ आहे. मराठीत ‘हरित’ हे विशेषण बोलीत नाही, बोलीत ‘हिरवा’ आहे. ‘हरित’ आपल्याला भेटते ते ‘हरितक्रांती’, ‘हरितपट्टा’, ‘हरित ऊर्जा’ अशा शासकीय व प्रशस्तिपर शब्दांत. या शेजारामुळे त्याला शुभत्वाचा वास लागला आहे. ‘हरित ऊर्जा’ पृथ्वीला वाचवते आणि ‘हरितगृह वायू’ तिला तापवतात, ही दोन वाक्ये एकाच पानावर आली की वाचक गोंधळतो. हा दोष वाचकाचा नव्हे.

तथापि या शब्दाची दुसरी बाजूही आहे, आणि साहित्याच्या व भाषेच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी. संस्कृतात ‘हरित’ हा केवळ रंग नाही. ‘हरितक’ म्हणजे पालेभाजी, शाक. अमरकोशात तो शाकाचा पर्याय म्हणून येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहारद्रव्यांचे जे वर्ग केले आहेत त्यांत ‘हरितवर्ग’ आहे; त्यात आले, मुळा यांसारखी ओली, ताजी द्रव्ये येतात. फारसीतही हेच घडले : ‘सब्ज’ म्हणजे हिरवा, आणि ‘सब्जी’ म्हणजे भाजी. इंग्रजीत ‘ग्रीन’वरून ‘ग्रीन्स’, फारसीत ‘सब्ज’वरून ‘सब्जी’, संस्कृतात ‘हरित’वरून ‘हरितक’. तीन भाषांनी रंगाच्या नावावरून वनस्पतींचे नाव घडवले आहे. इंग्रजी बागाइतदारांचे ‘ग्रीन्स’ म्हणजे भाजी नव्हे, शोभेची सदाहरित झाडे, हा फरक आहेच. परंतु रंगापासून वनस्पतीकडे जाण्याची वाट तीच आहे. ‘हरितगृह’मधला ‘हरित’ हा नाम म्हणून वाचला, तर तो ‘ग्रीनहाउस’च्या मूळ अर्थाला काचगृहापेक्षा, पॉलीहाउसपेक्षाही अधिक जवळ जातो. प्रतिशब्द घडवणाऱ्यांच्या मनात हे होते असे म्हणण्याचे कारण नाही. बहुधा त्यांनी कोशातला पहिला पर्याय उचलला असावा. तरी शब्द मिळाला तो संस्कृताच्या स्मृतीत योग्य अर्थ जपणारा मिळाला. दुर्दैव एवढेच की, ती स्मृती आजच्या मराठीत उरलेली नाही. आपण ‘हरित’ वाचतो आणि रंग पाहतो.

राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत मराठीत शब्द घडवण्याची मोठी परंपरा आहे. या परंपरेवर टीका करताना आपण बहुधा शब्द बोजड आहे की सोपा, संस्कृत आहे की देशी, एवढेच पाहतो. परकीय शब्द ज्या तत्त्वावर पडला ते तत्त्व प्रतिशब्दाने सांभाळले का, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. वस्तूचे नाव तिच्या साहित्यावरून पडते, तिच्यात राहणाऱ्यावरून पडते किंवा तिच्या कामावरून पडते. ‘ग्लासहाउस’ पहिल्या प्रकारचे, ‘ग्रीनहाउस’ दुसऱ्या, आणि आपल्या शासकीय परिभाषेतली ‘संरक्षित शेती’ तिसऱ्या. ‘पॉलीहाउस’ हा शब्दही साहित्यावरूनच पडलेला, म्हणजे ‘ग्लासहाउस’चा धाकटा भाऊ. काचेच्या जागी पॉलिथीन आले, तसे ग्लासच्या जागी पॉली आले. शेतकऱ्याने तो निवडला कारण त्याच्या खर्चात साहित्यच मोठे असते. शासनाने ‘हरितगृह’ निवडले कारण त्याला कोशातला शब्द हवा होता. दोघांचीही निवड आपापल्या जागी समजण्यासारखी आहे.

मग ‘हरितगृह परिणाम’ हा शब्द टाकून द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. शास्त्रीय परिभाषेत एकदा रुजलेला शब्द उपटला की दुसरा रुजेपर्यंत दोन पिढ्यांचा गोंधळ होतो. शिवाय उपमेतला मूळ दोष इंग्रजीतच आहे, तो मराठी शब्द बदलून जाणार नाही. मात्र तो शिकवताना तीन गोष्टी सांगता येतील. येथे ‘हरित’ हा रंग नाही, झाडे आहेत. हरितगृह म्हणजे आपल्या शिवारातले पॉलीहाउस. आणि पॉलीहाउस तापते ते कोंडलेल्या हवेने, तर पृथ्वी तापते ती वायूंनी उष्णता शोषल्यामुळे. उपमा अर्ध्यापर्यंत नेते, पुढचे अर्धे स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागते. विज्ञानाच्या शिक्षकाने तिसरी गोष्ट सांगावी. पहिल्या दोन मराठीच्या शिक्षकाने सांगाव्यात, कारण त्या शब्दाच्या आहेत. मराठीच्या तासाला पारिभाषिक शब्दांचा पाठ असतो. त्यात प्रतिशब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी असा एकेक शब्द घेऊन त्याची कुळकथा उलगडली, तर विद्यार्थ्यांना अवर्षण, गारपीट आणि तापमानवाढ यांविषयीचे मराठी लेखन वाचताना आधार मिळेल. द्राक्षाच्या या जिल्ह्यात, जिथे हवामानाचा प्रश्न दर हंगामात दारात येऊन उभा राहतो, तिथे ते वाचणे ही नुसती परीक्षेपुरती गरज नाही.